पान उलटायची खूण

बाबा,

तक्रार आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. या उन्हाळ्यात तुमच्या पणतीसाठी मी सिव्हिक सेंटरमधून चित्रांचं एक पुस्तक आणलं. जाड पुठ्ठ्याची पानं, गोल कापलेले कोपरे, आणि वर एक लाल क्रेन. तिला डोळे, ओठ, पापण्यासुद्धा. क्रेनला पापण्या असण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी ज्या भाषेवर पोट भरतो तिच्यात ढगाकडे निरोप देतात आणि नद्यांना सासर-माहेर असतं. माझं म्हणणं हुकाबद्दल आहे. दोर सटकू नये म्हणून हुकाच्या तोंडाशी जी पट्टी असते, जिला तुम्ही लॅच म्हणायचात, ती चित्रकारानं काढलेलीच नाही. आणि त्या उघड्या हुकाला टांगलेल्या विटांच्या थप्पीखाली एक कोंबडी उभी आहे. ती हसते आहे. दुकानदाराला मी हे दाखवलं. त्यानं पुस्तकाकडे, मग माझ्या चष्म्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, बच्चों की किताब है." अहो, म्हणून तर. मोठ्यांच्या पुस्तकात कोंबडी लोडखाली, म्हणजे टांगलेल्या वजनाखाली, उभी राहिली असती तर मी कशाला तोंड उघडलं असतं? मोठ्यांनी आपलं आपण पाहावं.

पुस्तक घेतलं तरीही. घरी येऊन पेन्सिलीला टोक केलं आणि हुकाला लॅच काढून दिली. कोंबडी हलवता आली नाही, तेव्हा तिच्या डोक्यावर हेल्मेट काढलं. तुमची सून भाजी निवडत होती, तिनं मान वर न करता विचारलं, "काय करून राहिले?" मी म्हटलं, दुरुस्ती. ती म्हणाली, "झालं. सासरे आले परत."

तुमचं काम तुम्हालाच सांगणं विचित्र आहे, पण पत्र लिहिताना माणूस स्वतःलाही सांगत असतो. भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रोलिंग मिलमध्ये, तुम्ही सिग्नलवाले होता. वर छताशी क्रेन, तिच्या केबिनमध्ये ऑपरेटर, खाली तुम्ही, आणि मध्ये असा आवाज की कानाला तोंड लावून ओरडलं तरी फक्त ओठ हललेले दिसावेत. म्हणून बोलायचं ते हातांनी. हात वर, एक बोट आभाळाकडे, लहानसं गोल फिरवलं की उचल. बोट जमिनीकडे करून तसंच फिरवलं की खाली घे. दुसरा पंजा त्या हातावर नुसता धरला की हेच, पण हळू. हात आडवा, पंजा पालथा, इकडून तिकडे, म्हणजे थांब. दोन्ही हात तसेच, म्हणजे आत्ताच्या आत्ता थांब आणि कारण विचारू नको. काम संपलं की दोन्ही हातांची बोटं पोटासमोर एकमेकांत गुंतवायची, म्हणजे सगळं जागच्या जागी बांधून ठेवा. घरातही तुम्ही हेच चालवायचात. आई पोळी वाढायला आली की पंजा आडवा. ती तरी टाकायची. "हे मिल नाही," म्हणायची.

आणि मे महिना. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ भाजके दिवस, लागलेला, सेक्टरमधलं आपलं क्वार्टर, फर्स्ट शिफ्ट करून तुम्ही सायकलवर येता आहात. डोक्याला गमछा, हँडलला कापडी पिशवी, पिशवीत कारखान्याच्या लायब्ररीतली पुस्तकं. आंघोळ, वरणभात, कांदा, आणि मग समोरच्या खोलीत चटई. पोरांनी लू लावून घेऊ नये म्हणून बाकीच्या घरांतून दुपारी दाराला कडी लागायची. आपल्या घरात पुस्तक उघडायचं. बहुतेक पुस्तकं हिंदी, काही परदेशी छापाची, गुळगुळीत कागदाची, ज्यांत अस्वलं गुडघाभर बर्फातून चालायची. बाहेर डांबर चपलेला चिकटत असायचं आणि आत तुम्ही आम्हाला बर्फ दाखवत असायचात. मजकूर हिंदी, वाचन मराठी, तेही आपलं. पुस्तकात अस्वल काय बोलत होतं ते छापणाऱ्याला ठाऊक, तुमच्या तोंडून ते म्हणायचं, "मले लय थंडी वाजून राहिली बावा, दुलई कुठी ठेवली?"

वयानं म्हणा, आवाजानं म्हणा, तुमचे कान तेव्हाच मंद व्हायला लागले होते, त्यामुळे तुमचं वाचन हे खऱ्या अर्थानं प्रकट वाचन होतं. गल्लीच्या टोकापर्यंत प्रकट. पहिल्या पानाला आम्ही दोघं असायचो, मी आणि धाकटी बहीण. चौथ्या पानापर्यंत खिडकीबाहेर कूलरच्या उलट्या अंगाला डोकी जमायची. तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी, सगळ्या गल्लीची. त्यांना तुमची मराठी कळत नव्हती, पण तुमच्या हातात ते अस्वल होतं. मग तुम्ही उठून दार उघडायचात.

"दार लावा न," आई आतून म्हणायची. "सारी थंडी हवा बाहीर जाऊन राहिली."

"पोट्टे भाजून राहिले अन् तुले हवेची पडली."

"भाजून राहिले त घरी जा म्हना आपापल्या."

"त्यायच्या घरी अस्वल नाही."

आई माठ उचलून खोलीतच आणून ठेवायची आणि पोरांना दटावायची की पेला तोंडाला लावायचा नाही. मग स्वतःही दाराशी टेकून बसायची, तांदूळ पाखडायच्या निमित्तानं. अस्वल झोपेपर्यंत तिचे तांदूळ संपत नसत.

त्या पुस्तकांतलं एक मला पानापानानं आठवतं. एक म्हैस तळ्यात रुतते आणि गावातले सगळे तिला बाहेर ओढायला येतात, बैल, कुत्रा, बदक, शेवटी एक बेडूक. चित्रात सगळे तिची शेपटी धरून ओढताहेत. तुम्ही त्या पानावर आलात आणि वाचायचं थांबलात. आम्हाला वाटलं, गोष्ट संपली. तुम्ही पुस्तक जवळ घेतलं, लांब धरलं, आणि म्हणालात, "शेपटीनं एवढं वजन निघत नसते." मग आमच्यापैकी प्रत्येकाला विचारलंत, म्हैस कशी काढायची. कोणी म्हणालं शिंगं धरून, कोणी म्हणालं पाणी काढून टाकू. तुम्ही मिलमध्ये असावं तसे उभे राहिलात, म्हशीच्या पोटाखालून दोन पट्टे घेतलेत, एक पुढच्या पायांमागे, एक मागच्या पायांपुढे, बदकाला आणि बेडकाला बाजूला व्हायला लावलंत, कारण लोडखाली कोणी उभं राहायचं नाही, आणि हात वर करून बोट फिरवलंत. हळू. दुसरा पंजा वर. खोलीतल्या सगळ्या पोरांनी श्वास रोखलेला. म्हैस वर आली. तुम्ही ती चटईच्या कोपऱ्यात, आईच्या सुपाशेजारी, अलगद उतरवलीत, आणि आईनं पाय खरोखर आखडून घेतले.

एवढ्यावर थांबला असतात तर ठीक होतं. तुम्ही पेन्सिलीनं चित्रात पट्टे काढलेत. पुस्तक परत करताना मी बरोबर होतो. लायब्ररीतल्या गृहस्थांनी पान उघडलं आणि गंभीरपणे विचारलं, "ये किसने बनाया?" तुम्ही तितक्याच गंभीरपणे म्हणालात, "मैंने. पहले ग़लत था." त्यांनी म्हशीच्या शेपटीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हाँ, पूँछ तो निकल जाती." आणि पुस्तक फळीवर ठेवून दिलं. भिलाईत हे असं व्हायचं. दुसऱ्या गावात दंड झाला असता.

पण ज्या गोष्टीसाठी मी तुम्हाला आज मनातल्या मनात उभं राहून नमस्कार करतो ती पट्ट्यांची नाही. ती थांबण्याची आहे. तुम्ही पुस्तक छातीशी धरायचात, चित्र आमच्याकडे, आणि मान वाकवून वरून, म्हणजे उलट्या अक्षरांतून वाचायचात. वाक्य झालं की गप्प. मग एकेकाकडे पाहायचं. मिलमध्ये तुमचा नियमच तो होता, ऑपरेटरशी डोळे मिळाल्याबिगर लोड हालत नाही. इथेही प्रत्येकाची नजर चित्रावरून उठून तुमच्याकडे यायला हवी. आणि पान उलटायचं की नाही हे ठरवायचं सगळ्यांत लहान जो असेल त्यानं. त्यानं बोट वर करून फिरवलं की पान उचललं जायचं. पंजा आडवा केला की थांबायचं, मोठ्यांनी कितीही उसासे टाकले तरी. माझी बहीण तेव्हा जेमतेम तीन-साडेतीनची. बर्फाच्या एका पानावर कोपऱ्यात एक पक्षी होता, अस्वलाशी काहीही संबंध नसलेला. तिनं पंजा आडवा केला आणि त्या पक्ष्याकडे पाहत बसली. मी नुकता वाचायला शिकलो होतो आणि त्याची घमेंड भरपूर होती. वाकून, पानाच्या कडेतून डोकावून, मी पुढच्या पानावरचं वाक्य मोठ्यानं वाचून टाकलं.

तुम्ही रागावलात तेव्हा आवाज चढला नाही, उतरला. म्हणून मला तो लक्षात आहे. "तुले वाचता येते, समजलं. ते अजून पाहून राहिली. तिचं पाहनं झाल्याबिगर तुयं वाचनं कोनाच्या कामाचं?" आणि मग आपण सगळ्यांनी त्या पक्ष्याकडे पाहिलं, तिचं होईपर्यंत.

आजही वर्गात प्रश्न विचारला की मी थांबतो. सहकाऱ्यांमध्ये समज असा आहे की सर पुढचं विसरतात. मी तो समज राहू दिला आहे. या वयात तो खपून जातो.

संस्कृतचं तुम्हाला आठवत असेलच. आपल्या वस्तीतून त्या विषयाकडे निघालेला मी पहिलाच, आणि एका रविवारी विहाराबाहेर चपला घालता घालता काकांनी तुम्हाला अडवलं होतं. "पोरगा त्यायची भाषा कावून शिकून राहिला? दुसरं काही नाही भेटलं त्याले?" मी शेजारीच उभा, जमिनीत जायच्या तयारीत. तुम्ही चपलेचा पट्टा नीट करत म्हणालात, "भाषा कोनाच्या बापाची हाय का? ज्याले उचलता आली, त्याची." काका म्हणाले, वजन लय हाय. तुम्ही म्हणालात, "मंग हळू उचलन." तिथून सायकलवर मला पुढच्या दांडीवर बसवून घरी आणलंत, मिशी फुटलेल्या मुलाला. लोक पाहत होते. एवढा सन्मान मला पुढे कोणत्याही पदवीदानात मिळाला नाही, आणि इतकं अंगही अवघडलं नाही.

आता इकडचं. तुमची नात, जिला तुम्ही तिच्या बाळपणीच्या उन्हाळ्यांत मांडीवर घेऊन वाचून दाखवायचात आणि जी तुम्ही गेलात तेव्हा पहिलीत होती, ती आता रिसालीत राहते, बँकेत जाते, आणि तिला मुलगी आहे. मुलगी तीन पूर्ण करून पुढे सरकली आहे. उन्हाळ्यात तिचं पाळणाघर बंद, म्हणून रोज सकाळी तिची आई स्कूटीवरून तिला स्मृती नगरला आमच्याकडे सोडते आणि संध्याकाळी नेते. पोर गुणी आहे, कान तीक्ष्ण आहेत, तपासून झालेत. आत कपाट उघडलं तर बाहेर तिला कळतं की चिवड्याचा डबा आहे. सांगितलेलं सगळं समजतं. पण ती बोलत नाही. आई नाही, बाबा नाही, पाणी नाही. एक शब्द नाही. जूनच्या शेवटी शाळा उघडणार, नर्सरीच्या प्रवेशाला मुलाला समोर बसवून नाव विचारतात, आणि तिच्या आईनं जानेवारीपासून आरशासमोर तिला नाव म्हणायला लावून पाहिलं आहे. पोर आरशातल्या आईकडे पाहून गोड हसते.

हात तिच्याकडे कसे आले हे मी शपथेवर सांगू शकतो: मी शिकवले नाहीत. लॅच काढलेलं ते पुस्तक मी तिला वाचून दाखवत होतो, आणि विटा वर जायच्या पानावर माझा हात आपोआप वर गेला आणि बोट फिरलं. ती माझ्या बोटाकडे पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी त्याच पानावर तिनं बोट वर केलं. गोल जमलं नाही, नुसतं हललं. मी पान उलटलं. बाबा, तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं ते मी तुम्हाला लिहून दाखवू शकत नाही. एवढं मोठं जग एका बोटानं हललं होतं. आठवड्याभरात उचल आलं, खाली आलं, थांब आलं. पुस्तक संपलं की दोन्ही हातांची बोटं पोटासमोर गुंतवून ती गंभीरपणे बसते, शिफ्ट सुटल्यासारखी. आता दुपारी कूलर लावून मी चटईवर आडवा होतो, ती पुस्तकांची चळत माझ्या पोटावर आणून ठेवते आणि वाचन सुरू होतं. आंब्याच्या झाडाचं एक पुस्तक आहे, एका बेडकाचं, एक नुसत्या टोप्यांचं. टोप्यांच्या एका पानावर ती इतका वेळ पंजा आडवा ठेवते की मला डुलकी लागते. मग कपाळावर टिचकी बसते.

माझ्या मुलीला हे कळलं तेव्हा ती रागावली, आणि तिचा राग मला समजतो. चपला न काढता दारातच उभी राहिली. "पप्पा, तुम्ही न प्लीज हे हात बंद करा. तिला सगळं हातानंच मिळून राहिलं तर तोंड कशाला उघडेल? पहले ही मराठी अलग, हिंदी अलग, आता हे वरून."

मी माझ्या शास्त्राचा आधार घेतला. म्हटलं, वाणीचे चार टप्पे सांगितलेत: परा, पश्यन्ती, मध्यमा, वैखरी. पहिले तीन आतले, कोणाला ऐकू न येणारे. ओठांतून बाहेर पडते ती शेवटची, वैखरी. पोर मध्यमेपर्यंत आलेली आहे, मला दिसतं ते. फक्त एक टप्पा राहिला.

"पप्पा," ती म्हणाली, "अ‍ॅडमिशन वैखरीवरच होते."

तुमची सून आतून म्हणाली, "अन् जेवण पोळीवर होते. हात धुवा दोघंबी."

पुढच्या आठवड्यात आम्ही तिला घेऊन दुर्गला गेलो, उच्चारांचे उपचार करणाऱ्या एका मॅडमकडे. तरुण मुलगी, हसतमुख, टेबलावर खेळणी आणि पुस्तकं. तिनं पोरीला जवळ बसवून एक चित्रांचं पुस्तक उघडलं आणि भराभर दाखवायला लागली. ये क्या है, बंदर, ये क्या है, छाता, पान उलटलं, ये क्या है. पोरीनं पंजा आडवा केला. मॅडमनी पान उलटलं. पोरीनं दोन्ही हात लांब केले, पंजे पालथे, आणि जोरजोरात इकडून तिकडे. मॅडमनी समोरच्या कागदावर काही लिहिलं आणि हलक्या आवाजात माझ्या मुलीला विचारलं, "ये हाथ वाला मूवमेंट बार-बार करती है क्या? घर पे भी?" मुलीचा चेहरा उतरला. तो प्रश्न ऑटिझमकडे जातो हे तिनं फोनवर रात्रंदिवस वाचून ठेवलं होतं.

मी म्हटलं, "मॅडम, वो इमर्जन्सी स्टॉप है."

"जी?"

"क्रेन का सिग्नल है. आपने पन्ना जल्दी पलटा."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. तिचे हात अजून पसरलेलेच होते. "ये किसने सिखाया इसको?"

"इसके परनाना ने."

"वो साथ में रहते हैं?"

"नहीं. इसके पैदा होने से बहुत पहले गुज़र गए."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मुलीनं तोंडावर रुमाल धरला. मला वाटलं रडते, पण खांदे हसल्यासारखे हलत होते. मी मग सगळं सांगितलं. मिल, म्हैस, सगळं. मॅडम ऐकून घेणारी होती. तिनं आधीचं पान परत उघडलं, काहीही न बोलता पोरीच्या डोळ्यांकडे पाहत थांबली, आणि पोरीनं छत्री पुरती पाहून घेतली, मान वर केली, बोट फिरवलं. मॅडमनी पान उलटलं. त्या दिवशी त्या पोरीनं त्या खोलीत पुस्तक शेवटपर्यंत नेलं आणि हात गुंतवून बसली.

निघताना मॅडमनी मुलीला सांगितलं की हात बंद करू नका. खूण करणं हेही सांगणंच आहे, त्यानं बोलणं अडत नाही, आणि घरात दोन भाषा असल्यानंही अडत नाही. फक्त प्रत्येक खुणेबरोबर तुम्ही तो शब्द म्हणा, आणि मग थांबा, तिला जागा द्या. किती थांबायचं, मुलीनं विचारलं. ती म्हणाली, जितकं तुम्हाला वाटतं त्याहून जास्त. ही फी देऊन ऐकलेली गोष्ट मी चटईवर फुकटात ऐकलेली होती, पण ते तिथे बोलून दाखवणं बरं दिसलं नसतं. मात्र पोर बोलेल का, असं मुलीनं विचारलं तेव्हा मॅडम म्हणाली, "कोशिश करते हैं. देखते हैं." प्रामाणिक उत्तर होतं. प्रामाणिक उत्तरं परतीच्या रस्त्यात जड होतात.

तेव्हापासून मुलगी बँकेतून लवकर सुटली तर चटईवर आमच्याबरोबर बसते. परवाची गोष्ट. ती घाईत होती, पुस्तक अर्धवट मिटून पोरीला उचलायला वाकली. पोरीनं पंजा आडवा केला. आणि माझ्या मुलीनं, बोलता बोलता, माझ्याशी दुधाच्या पिशव्यांबद्दल काही सांगत असताना, एक बोट खाली केलं, फिरवलं, आणि दुसरा पंजा त्यावर धरला. हळू खाली घे. पोर खाली बसली. तीही बसली. मग तिचं स्वतःच्या हातांकडे लक्ष गेलं. "हे मला कसं येतं?" ती म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या आजोबांनी तुला या खुणांवर वरणभात भरवलेला आहे. तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. तुमचा चेहरासुद्धा फोटोतूनच आठवतो म्हणाली. पण हाताला आठवत होतं. तिनं पुस्तक परत उघडलं आणि आपल्या मराठीत, निम्म्या हिंदीत, टोप्यांचं पान शेवटपर्यंत वाचलं, प्रत्येक टोपीनंतर थांबून. मी डोळे मिटून पडलो होतो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, आवाज वाढव, मले ऐकू येत नाही.

उन्हाळा आता संपत आला आहे. दुपारी ढग येतात, बरसत नाहीत. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे आम्ही खूण आली की शब्द म्हणतो, वर, खाली, थांब, आणि जागा देतो. कालपरवा दोनदा पोरीचे ओठ हलले. आवाज आला नाही. शाळेची तारीख जवळ आली आहे आणि घरात ती कोणी मोठ्यानं म्हणत नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी मी टाकलं नसतं, कारण यातलं शेवटचं मला कोणाच्या हाती पडायला नको आहे. सगळ्यांना मी धीर देतो. मुलीला चार वाणी समजावतो, शेजाऱ्यांना सांगतो आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात. ते खोटं आहे. आई सांगायची, मी वर्षाच्या आत बोलायला लागलो आणि तेव्हापासून थांबलो नाही. तुमच्या शेवटच्या वर्षात कान पूर्ण गेले आणि तुम्ही बोलणं जवळजवळ सोडून दिलंत. आम्ही पहिले काही दिवस हळहळलो. मग खुणांवर भागायला लागलं, आणि मग आम्ही तुमच्या आवाजाची वाट पाहणंच सोडून दिलं, कधी सोडलं ते कळलंही नाही. पोर बोलणार नाही, ही भीती तर आहेच, घरात सगळ्यांनाच आहे. माझी वेगळी आहे. दुपारी ती माझ्या पोटावर पुस्तक ठेवते, बोट फिरवते, मी पान उलटतो, आणि तासच्या तास मला कशाचीही उणीव वाटत नाही. शब्दाची वाट पाहायची असते हे मी विसरून जातो, बाबा. मला त्याची भीती वाटते.